गाडी दिसते, आत कोण ते दिसत नाही

अमेरिकेत कोणाला कशाचा छंद असेल, सांगता येत नाही. टपाल तिकिटे, नाणी, काडेपेटीचे छाप जमविणारे आपल्याकडेही आहेत. तिकडे मात्र जुन्या रुग्णवाहिका आणि शववाहिका यांचे फोटो जमविणारे लोक आहेत, आणि ते हे काम गंमत म्हणून करीत नाहीत. १९७६ साली त्यांनी ‘प्रोफेशनल कार सोसायटी’ नावाची संस्थाच काढली. त्याआधी १९७३ मध्ये थॉमस मॅकफर्सन यांनी १९०० पासूनच्या अमेरिकन शववाहिका आणि रुग्णवाहिकांवर सचित्र ग्रंथ लिहिला. ह्यूस्टन शहरात तर अंत्यसंस्काराच्या इतिहासाचे संग्रहालय १९९२ पासून उभे आहे. चळवळीच्या दैनिकात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. थोडा धीर धरावा.

या संग्रहातले फोटो मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक, कारखान्याचे. ओहायो राज्यातील लिमा गावची सुपीरिअर, सिनसिनाटीची हेस अँड आयझेनहार्ट, इलिनॉयमधील फ्रीपोर्टची हेन्नी हे त्या काळचे नामांकित कारखाने. कॅडिलॅक किंवा पॅकार्डची लांब चासी घ्यायची आणि तिच्यावर शववाहिकेची नाहीतर रुग्णवाहिकेची बॉडी बांधायची, हा त्यांचा धंदा. दुसरा प्रकार ताफ्याच्या फोटोंचा. अंत्यविधीचा व्यवसाय करणारे, ज्यांना तिकडे फ्युनरल होम म्हणतात, ते आपल्या सगळ्या गाड्या इमारतीसमोर ओळीने उभ्या करीत, चालक टोप्या घालून गाडीशेजारी, मालक काळ्या सुटात मध्यभागी, आणि फोटो काढून घेत. संग्राहकाची नजर इतकी तयार असते की मागच्या दिव्याच्या आकारावरून तो गाडीचे साल सांगतो. ‘घोस्टबस्टर्स’ या १९८४ च्या सिनेमात भुते पकडणाऱ्यांची जी पांढरी गाडी आहे, ती १९५९ ची मिलर-मीटिअर कॅडिलॅक, हे त्यांच्यातले शेंबडे पोरही सांगेल.

पण या फोटोंत एक गोष्ट आपल्याला चक्रावून टाकते. रुग्णवाहिका आणि शववाहिका एकाच मालकाच्या, एकाच दारात उभ्या. कित्येकदा तर दोन्ही मिळून एकच गाडी! तिला ‘कॉम्बिनेशन कार’ म्हणत. सकाळी प्रेत न्यायचे, दुपारी अपघातातला जखमी आणायचा. छपरावरचा लाल दिवा काढता-घालता येई. काचेतली नावाची पाटी बदलता येई. शवपेटी सरकविण्यासाठी तळाला रूळ असत, ते उलटे केले की सपाट जमीन तयार होई आणि वर स्ट्रेचर बसे. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर गाजलेला अहवाल काढला. त्यात लिहिले आहे की, देशातील जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा १२ हजार अंत्यविधी व्यावसायिक चालवितात, आणि त्याचे मुख्य कारण एवढेच की माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडे असते. १९६५ या एका वर्षात १ लाख ७ हजार माणसे अपघातांनी मेली, हेही त्याच अहवालात आहे. चंद्रावर माणूस पाठवायला निघालेल्या देशात जखमीला उचलायला प्रेत वाहणारा येत होता. ज्याची खरी कमाई तुमच्या मरणावर, तोच तुम्हाला वाचवायला धावतो! त्यांतले पुष्कळ लोक प्रामाणिक होते, रुग्णवाहिकेच्या धंद्यात तोटा सोसत होते, हेही खरे. त्या कुटुंबाने पुढे अंत्यविधीला आपल्याकडेच यावे, हा त्यामागचा हिशेब होता.

आता मुद्द्यावर येतो. संग्राहक या फोटोखाली काय लिहितात? साल, कारखाना, चासी, इंजिन, रंग. या गाडीत कोणाला घेत होते आणि कोणाला घेत नव्हते, हे बहुधा लिहिलेले नसते. वकिली करणाऱ्याला ही गोष्ट खटकते. कोर्टात नुसता फोटो दाखल करून भागत नाही. कोणी काढला, कधी काढला, कुठे काढला, त्यात दिसते ते काय आहे, हे सांगणारा माणूस उभा करावा लागतो. अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांमध्ये १९६० च्या दशकापर्यंत गोऱ्यांचे फ्युनरल होम वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते. म्हणजेच गोऱ्यांची रुग्णवाहिका वेगळी आणि काळ्यांची वेगळी. दवाखान्यांतही तेच. अलाबामा राज्यात १९१५ साली कायदाच होता की, ज्या वॉर्डात काळे पुरुष ठेवले आहेत तेथे गोऱ्या परिचारिकेला काम करायला लावता येणार नाही. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने तर केंद्र सरकारच्या पैशातून ‘वेगळे पण समान’ दवाखाने बांधायला वाट करून दिली. ती तरतूद मोडून काढायला नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरोच्या जॉर्ज सिम्किन्स या कृष्णवर्णीय दंतवैद्याला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोर्टात जावे लागले, आणि निकाल लागला १९६३ साली. तोपर्यंतचा प्रत्येक ताफ्याचा फोटो हा या वेगळेपणाचा फोटो आहे. चकचकीत क्रोम पाहताना एवढे ध्यानात ठेवायला काय हरकत आहे?

बेसी स्मिथ यांचेच उदाहरण घ्या. ब्लूज गाण्याची सम्राज्ञी म्हणून जगाने गौरविलेली ही कृष्णवर्णीय गायिका. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीत हायवे ६१ वर तिच्या मोटारीला अपघात झाला. एक हात जवळजवळ तुटला. त्यानंतर लगेच बातमी पसरली, आणि ती छापूनही आली, की गोऱ्यांच्या दवाखान्याने दारातून परत पाठविल्यामुळे ती रक्तस्रावाने मेली. त्यावर पुढे एडवर्ड आल्बी यांनी नाटक लिहिले. आजही अनेक जण हेच सांगतात. पण पुरावा तसे सांगत नाही. त्या रस्त्याने जाणारे मेम्फिसचे एक गोरे शल्यचिकित्सक, डॉ. ह्यू स्मिथ, यांनी तिच्यावर रस्त्यातच प्रथमोपचार केले. तेवढ्यात त्यांच्या उभ्या मोटारीवर दुसरी मोटार आदळली. दोन रुग्णवाहिका आल्या, एक काळ्यांची आणि एक गोऱ्यांची. बेसी स्मिथला क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या दवाखान्यात नेण्यात आले. तेथे हात कापावा लागला आणि दुपार होण्याआधी ती गेली. डॉ. स्मिथ यांनी पुढे स्पष्ट सांगितले की, कापसाच्या त्या मुलखात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या दवाखान्यात न्यावे, हा विचारसुद्धा कोणा चालकाच्या मनात आला नसता.

म्हणजे दवाखान्याने नाकारले, ही गोष्ट खोटी ठरली. काही जण त्यावरून म्हणतात, बघा, उगाच वर्णद्वेषाचा कांगावा केला. मला तर खरी हकीकत त्या खोट्या हकीकतीपेक्षा भयंकर वाटते. नाकारण्यासाठी आधी कोणी दारापर्यंत जावे लागते. येथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. नकार दवाखान्याच्या दारात नव्हता, तो गाडीच्या चाकात होता, चालकाच्या डोक्यात होता. व्यवस्था इतकी मुरलेली की कोणाला तोंडाने ‘नाही’ म्हणण्याचे कष्टही पडत नव्हते. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेबांच्या बाबतीत काय घडले होते? टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला, मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाला जबर दुखापत झाली. गाडी असून भागत नाही, लगाम कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते.

अलाबामातील ॲनिस्टन गावाबाहेर १४ मे १९६१ रोजी फ्रीडम रायडर्सची बस जमावाने पेटवून दिली. गोरे आणि काळे कार्यकर्ते एकत्र प्रवास करीत होते, हाच त्यांचा गुन्हा. त्या जळत्या बसचा फोटो जगभर गेला, आजही पाठ्यपुस्तकांत असतो. नंतर रुग्णवाहिका आली तेव्हा चालकाने फक्त गोऱ्या जखमींना घेतले, काळ्यांना घ्यायला नकार दिला. तेव्हा आत चढलेले गोरे कार्यकर्ते खाली उतरू लागले. आमचे साथीदार येणार नसतील तर आम्हीही येत नाही! तेथे हजर असलेल्या सरकारी तपास अधिकाऱ्याने चालकाला खडसावले, तेव्हा कुठे सगळ्यांना घेऊन गाडी निघाली. बसचा फोटो इतिहास झाला. रुग्णवाहिकेच्या दारात जे घडले, तोही इतिहासच आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. काळ्यांचे फ्युनरल होम हा वेगळेपणाचा परिणाम होता, पण त्यातूनच एक ताकद निर्माण झाली. त्यांचे गिऱ्हाईक काळे, पैसा काळ्यांचा. गोऱ्या मालकाने नोकरीवरून काढण्याची, गोऱ्या गिऱ्हाइकाने बहिष्कार टाकण्याची भीती नाही. शिक्षकाला तोंड उघडता येत नव्हते, शेतमजुराला उघडता येत नव्हते. अंत्यविधी व्यावसायिकाला उघडता येत होते. बर्मिंगहॅमचे ए. जी. गॅस्टन यांनी दफनखर्चाच्या वर्गणीपासून सुरुवात करून विमा कंपनी, फ्युनरल होम आणि मोटेल उभे केले. १९६३ च्या आंदोलनात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा मुक्काम त्यांच्या मोटेलात होता आणि किंग तुरुंगातून जामिनावर सुटले त्यामागे गॅस्टन यांचा पैसा होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या मोटेलवर बॉम्ब पडला. गॅस्टन सावध होते, मोर्च्यांवरून त्यांचे आणि चळवळीचे खटकेही उडाले. पैसेवाला माणूस चळवळीत असला की हे व्हायचेच, आपल्यालाही त्याचा अनुभव आहे. पण जामीन लागतो तेव्हा तोच उपयोगी पडतो.

१९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाचा खून झाला. टॅलाहाची नदीतून निघालेले ते प्रेत न्यायला आले ते ग्रीनवुडचे चेस्टर मिलर हे कृष्णवर्णीय अंत्यविधी व्यावसायिक. खटल्यात त्यांनी साक्षही दिली. गोऱ्या ज्यूरीने आरोपींना सोडून दिले, हे जगजाहीर आहे. पण त्या वातावरणात सगळ्या कोर्टासमोर उभे राहून, मी असे प्रेत उचलले आणि त्याच्या बोटात अंगठी होती, हे सांगणे म्हणजे काय, याचा विचार करा. १९६५ च्या ७ मार्चला सेल्मा येथे पोलिसांनी मोर्चा झोडपून काढला, तेव्हा काळ्यांच्या फ्युनरल होमच्या गाड्यांनीच जखमींना उचलले. त्यानंतर दोनच दिवसांनी रेव्हरंड जेम्स रीब या गोऱ्या धर्मोपदेशकावर तेथे हल्ला झाला. त्यांना बर्मिंगहॅमच्या मोठ्या दवाखान्याकडे नेताना रुग्णवाहिकेचे चाक पंक्चर झाले, परत येऊन दुसरी गाडी मागवावी लागली. ११ मार्चला ते गेले. मेम्फिसला एप्रिल १९६८ मध्ये किंग यांच्या दिमतीला पांढरी कॅडिलॅक होती, ती आर. एस. लुईस अँड सन्स या फ्युनरल होमची. किंग यांचा देह अंत्यविधीसाठी तयार केला तोही त्यांनीच. आणि अटलांटात ९ एप्रिलला चर्चपासून मोअरहाऊस कॉलेजपर्यंतच्या यात्रेत त्यांची शवपेटी ठेवली होती दोन खेचरांच्या साध्या लाकडी गाड्यावर. गरिबांच्या मोर्च्याची तयारी करणारा नेता कॅडिलॅकमधून जाणार नव्हता.

१९६६ च्या अहवालानंतर रुग्णवाहिकेचे रूप बदलले. १९७४ साली सरकारने रुग्णवाहिकेचे मानक ठरविले. योगायोग असा की त्या मानकाचा क्रमांकच ‘केकेके-ए-१८२२’! कू क्लक्स क्लॅनशी त्याचा काही संबंध नाही, ती सरकारी वर्गवारीची अक्षरे आहेत, पण काळ्या वस्तीतल्या माणसाने ते वाचून काय म्हटले असेल? नव्या मानकाप्रमाणे आत उपचार करता येतील एवढी उंची हवी. लांब, बुटक्या कॅडिलॅकमध्ये ती नव्हती. १९७० च्या दशकाअखेर तिचा जमाना संपला. संग्राहक त्याबद्दल हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. माणूस वाचावा म्हणून गाडी बदलली, चांगले झाले. प्रश्न एवढाच की नव्या गाडीत शिकलेला माणूस म्हणून पहिल्यांदा कोण उभा राहिला, आणि पुढे त्याचे काय झाले.

तो उभा राहिला पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीत. तेथे रुग्णाला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत, उपचार काही नाहीत. १९६७ साली डॉ. पीटर साफर, ज्यांचे नाव हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचविण्याच्या पद्धतीशी जोडलेले आहे, आणि फिल हॅलन यांनी फ्रीडम हाऊस या कृष्णवर्णीय संस्थेबरोबर योजना आखली. कामाला नालायक ठरविलेल्या, बेकार काळ्या तरुणांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण दिले. १९६८ मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांनी सुमारे ५,८०० हाकांना धाव घेतली. आज जगभर ज्याला पॅरामेडिक म्हणतात, त्याचा पाया घालणाऱ्यांत ही पोरे आहेत. १९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलिन तेथे आल्या. पॅरामेडिकचे पुढे प्रमाण मानले गेलेले पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या त्या हीच. मग महापालिकेने काय केले? ऑक्टोबर १९७५ मध्ये स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाऊस बंद पाडले. कर्मचारी सामावून घेतो म्हणाले, आणि नव्या परीक्षा, नव्या अटी, कोपऱ्यातली कामे देऊन बहुतेकांना बाहेरची वाट दाखविली. जॉन मून यांच्यासारखे मोजके चिवट लोक टिकले, ते पुढे त्याच खात्यात असिस्टंट चीफ झाले. राखीव जागा भरल्याचे कागदावर दाखवून माणूस कसा कंटाळून जाईल याची व्यवस्था करणारे अधिकारी आपण पाहिलेले आहेत. भाषा इंग्रजी असली तरी अक्षर ओळखीचे आहे.

एवढे मोठे काम, पण फ्रीडम हाऊसचे नाव अनेक वर्षे पिट्सबर्गबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. २०२२ मध्ये केविन हॅझर्ड यांचे पुस्तक आले तेव्हा चर्चा झाली.

आणखी एक गाडी आहे, तिच्याशी आपले नाते नावाचे आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून. त्या ब्लॅक पँथरचे बंदुका घेतलेले, काळी जाकिटे घातलेले फोटो आपल्याकडे पोस्टरवर आले. नॉर्थ कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम गावच्या पँथर शाखेने १९७० च्या दशकात गरीब वस्तीसाठी मोफत रुग्णवाहिका चालविली, ही गोष्ट मात्र पोस्टरवर आली नाही. तुरुंगात मरण पावलेल्या जोसेफ वॅडेल या कार्यकर्त्याचे नाव त्या सेवेला दिले होते. गावात त्या शाखेच्या स्मरणार्थ सरकारी पाटी लागली आहे, तिच्यावर मुलांच्या मोफत नाश्त्याबरोबर रुग्णवाहिकेचाही उल्लेख आहे. पँथर म्हणजे फक्त आवेश, असे आपल्याकडेही हेटाळणीने बोलणारे विद्वान आहेत. त्यांनी ही पाटी वाचावी.

तेव्हा फोटो जमविणाऱ्यांना माझे सांगणे छंद सोडा असे नाही. फोटो जपले नसते तर भंगारात गेले असते, आणि पुरावाही गेला असता. पण फोटोच्या मागची बाजू कोरी ठेवू नका. फ्युनरल होम कोणाचे, कोणत्या वस्तीत, गाडी कोणत्या दवाखान्यात जात होती, टोपी घातलेल्या चालकाचे नाव काय, एवढे लिहा. हे आपल्यालाही लागू आहे. मोर्च्याच्या, शिबिराच्या, अंत्ययात्रेच्या ट्रकचे जे फोटो आपल्या घरांत पेटीच्या तळाशी पडले आहेत, त्यांच्यामागे नाव लिहायचे काम घरातले म्हातारे माणूस आहे तोवरच होईल.

पिट्सबर्गच्याच हिल डिस्ट्रिक्टमध्ये चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस नावाचे छायाचित्रकार होऊन गेले. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रासाठी त्यांनी १९३० च्या दशकापासून पुढे चाळीसेक वर्षे वस्तीतले लग्न, मयत, मोर्चे, दुकाने, मोटारी सगळे टिपले. सुमारे ८० हजार निगेटिव्ह. उतारवयात ते त्यांच्या हातून गेले, परत मिळविण्यासाठी त्यांना कोर्टात जावे लागले. १९९८ मध्ये ते वारले. शेवटी कोर्टाने निगेटिव्ह घरच्यांना परत दिले आणि २००१ साली शहरातील कार्नेगी कला संग्रहालयाने ते विकत घेतले. बहुतेक फोटोंवर नावे नव्हती. मग संग्रहालयाने वस्तीतल्या जुन्या लोकांना बोलाविले, त्यांच्यासमोर फोटो ठेवले आणि विचारले, हा कोण, ही कोण, ही गाडी कोणाची.